तळहातावरचे दाणे

पाण्याच्या धारेखाली तो दाणा — उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, टणक, मधोमध खळगा पडलेला... त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, सगळे एकाच वयाचे. उझोमाच्या हातातला तांब्या थबकला. जेवणाआधी सासऱ्यांच्या हातावर पाणी घालायचं ते सुनेनंच. इस्पितळात त्वचारोगाची डॉक्टर असली म्हणून नायजेरियातल्या येनागोआच्या या घरात तिची सुटका नव्हती.

"घाल की पाणी. झोप लागली का?" सासरे म्हणाले.

कांजिण्या, म्हणे. ड्युटीमुळे दोन दिवस इथे ठेवलेल्या लेकीला न्यायला ती आली, तेव्हा सासूबाईंनी दारातच निकाल देऊन टाकला होता. पण कांजिण्या पाठीपोटावर दाटतात, काही ताज्या, काही खपली धरलेल्या — अशा एकदम पेरल्यासारख्या तळहातावर नाही येत; आणि आधी ताप, जबड्याखाली ती सुपारीएवढी गाठ... शिकताना पुस्तकात पाहिलेली छायाचित्रं. मंकीपॉक्स. या देशात कित्येक वर्षांत कुणाला दिसला नाही, आणि दिसला तो मला, जिला लग्नापासून परक्या जमातीची म्हणून हिणवलं त्या मला.

सासऱ्यांनी गारीचा, कसाव्याच्या पिठाचा, गोळा मोडून कालवणात बुडवला. माशाचा शेवटचा तुकडा नातीचा, तो ते स्वतःच्या हातानं भरवत. चार वर्षांची तारी त्यांच्या गुडघ्याला टेकून आ करून उभी होती.

"तारी, इकडे ये."

"का?" सासूबाई म्हणाल्या. "आजोबांच्या हाताला विष लागलंय?"

"रोग लागलाय, आई. या कांजिण्या नाहीत. तपासणी होईपर्यंत त्यांच्या ताटाला कुणी शिवायचं नाही."

"ऐकलंत? नवऱ्याच्या बापाला वाळीत टाकायला निघाली. माहेरी हेच शिकवलं वाटतं."

उझोमानं पोरीला दंडाला धरून ओढलं, जरा जास्तच जोरात. तारी रडू लागली. सासऱ्यांनी तुकडा ताटात ठेवला आणि मुठी मिटल्या. ते घाबरले होते. ते पाहून तिला बरं वाटलं — खरंच बरं वाटलं.

आता फोडातला नमुना घ्यायचा, राजधानीला पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची. आणि कांजिण्याच निघाल्या तर? तर ही बाई बाजारात, चर्चमध्ये, मरेपर्यंत सांगत फिरेल... नको. देवा, तोच रोग असू दे, एकदा तरी या घरात मी खरी ठरू दे —

"काल आजोबांनी दोन तुकडे दिले होते," तारी मुसमुसत म्हणाली.

म्हणजे कालही, याच हातानं, पोरीच्या तोंडात. आपण काय मागत होतो... तिनं घाईघाईनं शब्द फिरवले, कांजिण्या असू देत, कांजिण्याच असू देत — पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, पण ते काही केल्या मनापासून येईनात.