भेटीला कोण आले

सिस्टरने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि घड्याळजींच्या टेबलावर ठेवली. टेबलावर भिंगं, चिमटे आणि पोट उघडलेली घड्याळं यांची इतकी दाटी, की वहीला जागा करायला तिला दोन घड्याळं बाजूला सारावी लागली. घड्याळजींना ते काही रुचलं नाही. त्यांनी ती दोन्ही उचलली आणि होती तिथेच, म्हणजे आता वहीवर, नेऊन ठेवली.

"विचारा काय विचारायचंय ते," ते म्हणाले.

तीन महिन्यांपूर्वी याच माणसाच्या घशात नळी होती. दोन्ही फुप्फुसं निकामी व्हायच्या बेतात, श्वास यंत्राचा, डोळे औषधाच्या गुंगीत मिटलेले. एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात काढून स्वारी परत आली होती, आणि आता 'चला, आटपा' अशा चेहऱ्याने समोर बसली होती. सिस्टरला बरं वाटलं. आपण ज्याची कूस बदलत होतो, तो आपल्यावर वैतागण्याइतका धड झाला, याहून मोठं बक्षीस तिच्या नोकरीत मिळत नसे.

ती आली होती संशोधनाच्या कामासाठी. अतिदक्षता विभागातून वाचलेली माणसं घरी जातात, पण त्यांच्या आठवणीत त्या दिवसांच्या जागी भगदाड असतं, आणि त्यात नाही नाही ते येऊन बसतं. एकाला वाटायचं, नर्सांनी आपल्याला बांधून विकायला काढलंय. एका बाईला घरी गेल्यावरही छतातून पाणी गळताना ऐकू यायचं. अशा रुग्णाची रोजची खरी हकिकत कोणी लिहून ठेवली आणि तीन महिन्यांनी त्याच्या हातात दिली, तर भीती कमी होते का, हे विभागाच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना तपासायचं होतं. अर्ध्या रुग्णांची डायरी लिहायची, अर्ध्यांची नाही; कोणाची लिहायची ते कॉम्प्युटर ठरवणार. घड्याळजींचा नंबर डायरीवाल्यांत लागला. ती डायरी सिस्टरनेच लिहिली. आज ताप किती, आज नळी बदलली, आज डाव्या हाताची बोटं हलली. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेली एक ओळ होती, 'भेटीला कोण आले'. तिच्यापुढे सिस्टरने एकोणीस वेळा लिहिलं होतं, 'कोणी नाही'.

कागदपत्रांत मुलीचा नंबर होता. सिस्टरने तो चारदा लावून पाहिला. बंद होता.

गुंगीतही ऐकू येत असतं, त्यांच्याशी बोलत राहा, असं मॅडम नातेवाइकांना सांगायच्या. ज्याला भेटायला कोणीच येत नाही त्याच्याशी कोणी बोलायचं, हे मात्र कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. मग दुपारची ड्यूटी संपली की सिस्टर स्टूल ओढून अर्धा तास त्यांच्या कॉटशी बसायची. पहिल्या दिवशी हवापाण्यावर बोलली. दुसऱ्या दिवशी विषय संपला. आणि तिसऱ्या दिवशी तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. सगळं आपलं स्वतःचंच काहीबाही. पन्नाशी उलटलेली बाई, एका खोलीत एकटी राहणारी. भाऊ वर्षातून दोनदा फोन करणार आणि तिने वाक्य पुरं करायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणणार. मध्येच न तोडता ऐकणारं माणूस तिला कित्येक वर्षांनी मिळालं होतं. भले ते बेशुद्ध का असेना. यातलं अक्षरही डायरीत नव्हतं, कारण डायरी रुग्णाची होती.

खोटं कशाला बोला, आज ती मुद्दाम इस्त्रीचे कपडे घालून आली होती. आपला आवाज कानावर पडला की ते ओळखतील, "अरे, त्या तुम्हीच का" म्हणतील, अशी एक वेडी आशा तिने कालपासून मनात धरली होती.

तिने प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. झोप लागते? लागते. दचकून जाग येते? नाही. हॉस्पिटलचा विषय निघाला की छाती धडधडते? छे. आतापर्यंत तिने चाळीसेक घरं पालथी घातली होती, पण इतका निर्धास्त माणूस पाहिला नव्हता. डायरी अजून हातातही पडली नव्हती आणि गडी ठणठणीत.

"त्या दिवसांतलं तुम्हाला काय आठवतं?" तिने शेवटचा प्रश्न विचारला.

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "रोज यायची. मला डोळे उघडता येत नव्हते, पण 'बाबा, बाबा' करत ती जे सांगायची ते सगळं कळायचं."

'बाबा' म्हणणारी सिस्टरच होती. वॉर्डात पिकल्या केसांचा प्रत्येक माणूस 'बाबा'च असतो. तीस वर्षांची ती सवय. आपण काय म्हणतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बायकोच्या शेवटच्या आजारात मुलगी दोन दिवस उशिरा पोचली होती. "आता कशाला आलीस?" असं ते दारातच म्हणाले आणि ती दारातूनच परत फिरली. दोघंही एकाच मातीची. आठ वर्षं कोणी वाकलं नाही. पण हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्यांनी कोणाकोणाचे हातपाय जोडून तिचा नवा नंबर मिळवला. आईच्या वेळी राहिलं ते माझ्या वेळी फेडलंस पोरी, असं तिला फोनवर सांगितलं. तेव्हापासून ती दर रविवारी येते. आजही आली होती. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"तुमचा आवाजही थोडा तिच्यासारखाच आहे हो," घड्याळजी म्हणाले.

सिस्टर हसली. हसणं जमलं कसं, देव जाणे.

अशा वेळी काय करायचं ते नियमात अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं. रुग्ण खोट्या आठवणी सांगू लागला, तर त्याला ठरलेला परिच्छेद वाचून दाखवायचा: त्या दिवसांतल्या तुमच्या काही आठवणी प्रत्यक्षात घडलेल्या नसतील, खरं काय घडलं ते या डायरीत आहे. तो परिच्छेद तिला पाठ होता. तो म्हटला की घड्याळजींची मुलगी पुन्हा जाणार. नाही म्हटला, तर आपण त्या स्टुलावर बसलो होतो हे जगात कोणालाच कधी कळणार नाही. 'मी होते ती,' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. एकदा, फक्त एकदा, कोणाला तरी ते सांगावं असं तिला फार वाटलं.

तिने वर पाहिलं. आतल्या दारात मुलगी कप घेऊन उभी होती. चाळिशीची, बापासारखंच रुंद कपाळ, आणि त्या कपाळाखालचा चेहरा पार उतरलेला. तिचं लक्ष टेबलावरच्या वहीकडे होतं. तिने सिस्टरकडे पाहून 'नको' अशी मान हलवली, इतकी थोडी की बापाला दिसलीही नसती.

"ही तुमची डायरी," सिस्टर घड्याळजींना म्हणाली. "ठेवून जाऊ? वाचायचीय?"

"सगळं आठवतंय की मला. वाचायचं काय त्यात?" त्यांनी वहीवरची घड्याळं आपल्या हाताने उचलली आणि वही तिच्याकडे सरकवली.

चहा तिने घेतला नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर उभं राहून तिने फॉर्म भरला. डायरी दिली का? रुग्णाने नाकारली. परिच्छेद वाचून दाखवला का? इथे तिचं पेन थोडं थांबलं, आणि मग तिने खरं तेच लिहिलं: नाही. मॅडम चारचौघांत खडसावणार होत्या. एका रुग्णाने काय बिघडतं, असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नव्हती. एकेक करूनच आकडा होतो, असं त्या म्हणायच्या, आणि ते काही चूक नव्हतं.

वरून चपलांचा आवाज आला. मुलगी घाईघाईने उतरत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला तर ते आजारी असल्याचंही कोणी कळवलं नव्हतं. फोनवर मी नाहीच म्हणणार होते. पण बाबा रडत होते. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं." तिने कठडा धरला. "तोंडातून 'हो' निघून गेलं. आता दर रविवारी जीव टांगणीला. ते विचारतात, तू सांगत होतीस त्याचं पुढे काय झालं? आणि मला ठाऊकच नाही मी काय सांगत होते. तिथे कोणीतरी बोलत असणार ना त्यांच्याशी?"

"एक सिस्टर होती."

"तिला विचाराल का? माझ्यासाठी?"

सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसली. "मला ठाऊक आहे ती काय बोलायची ते," ती म्हणाली. "लिहून घ्या."

मुलगी शेजारी टेकली, तिने मोबाइल काढला. सिस्टरने सांगायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचा शेजारी अपरात्री पलंग ओढतो. आईचा जुना स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलाय, पाठ झाली, बाह्या राहिल्यात. आई गेली तरी भाजी अजूनही दोघींपुरती केली जाते, हात ऐकत नाही. एकेक गोष्ट देताना घरातलं सामान उचलून दुसऱ्याच्या गाडीत चढवावं तसं तिला होत होतं. तरी तिने काही मागे ठेवलं नाही. मुलगी भराभर टाइप करत होती आणि मधूनमधून "थांबा, बाह्या राहिल्यात ना?" असं विचारून खात्री करून घेत होती.

"आणि मांजराचं काय?" मुलगी म्हणाली. "त्याचं तर सारखं चाललेलं असतं. परत आलं का, परत आलं का. मी दर वेळी विषय बदलते."

"करडं आहे. एक कान फाटलेला. खिडकीतून यायचं." सिस्टरने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "एक दिवस आलंच नाही."

खिडकी ती अजून उघडीच ठेवत होती. आज सकाळीसुद्धा तिने वाटीतलं कालचं दूध ओतून दिलं होतं आणि ताजं ठेवलं होतं.

"मग मी काय सांगू बाबांना?"

सिस्टर उठली. पिशवीत वही नीट आहे ना, हे तिने हात घालून पाहिलं.

"सांगा, आलं म्हणून," ती म्हणाली. "आता तुमच्याकडेच असतं म्हणावं."