डावी कूस

खोलीत एक लोखंडी कॉट होती. तिच्यावर हवेची गादी, पाच उशा आणि दोन रबरी चादरी. कॉटखाली एक बेडपॅन आणि झाकणाची एक बादली. टेबलावर औषधाच्या सहा बाटल्या, त्यांतली एक मुदत संपलेली. एक थर्मामीटर, कापसाचा एक गुंडाळा, ड्रेसिंगच्या पट्ट्यांचा एक डबा. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी. पूर्वेच्या भिंतीला देव्हारा, त्यात लहानमोठे नऊ देव, पुढे बाजूला सारलेला निळा पडदा. आणि कॉटवर, दक्षिणेला डोकं करून, तात्या. वय बाहत्तर, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली.

तपासणीला आलेल्या ज्ञानदाने मुदत संपलेली बाटली वेगळी काढली आणि म्हणाली, "आता जखम बघू."

सेवक धुळाने तात्यांना अलगद कलतं केलं आणि लुंगी बाजूला सारली. उजव्या खुब्यावर वाटोळी जखम होती, कडा लाल, मध्ये पिवळट थर. ज्ञानदाने स्पिरिटने पुसलेली पारदर्शक मोजपट्टी जखमेवर अधांतरी धरली. लांबी साडेचार सेंटिमीटर, रुंदी चार. मागच्या तपासणीला साडेतीन आणि तीन होती. तिने पुन्हा मोजलं. तेच आलं.

"वाढली ना?" दारातून अवधूतने विचारलं. अवधूत तात्यांचा मुलगा. ऑफिसला निघता निघता थांबला होता.

"वाढली."

"मग तुमच्या नियमात काय बसतं ते करा. मला धुळाशी वैर नाही. पण वडील माझे आहेत."

नियम ज्ञानदाचेच होते. मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन ती वर्षभरापूर्वी सांगलीच्या या शुश्रूषा केंद्रात लागली होती. केंद्राची माणसं घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करायची. केंद्राच्या डॉक्टरांना कामाचे नियम कागदावर हवे होते. तिने अठरा नियम टाइप करून दिले. अकरावा असा होता: तपासणीत पडून पडून होणारी अंथरुणाची जखम वाढलेली दिसली तर सेवकाला ताकीद, लागोपाठ दुसऱ्यांदा वाढली तर त्या घरातून बदली. पट्टी लावायची आणि आकडा वाचायचा, एवढंच काम. वाद घालायला जागा उरत नाही म्हणून तिला हा नियम सगळ्यांत आवडायचा.

"आज ताकीद," ती धुळाला म्हणाली. "पुढच्या तपासणीला पंधरा दिवस आहेत."

धुळा माण तालुक्यातला. तिशी ओलांडलेला, उंच, रुंद पंजाचा. पाऊस हुकला तसा घरची मेंढरं विकून सांगलीला आला आणि इथे रात्रंदिवस तात्यांजवळच राहायचा. ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताकीद घेतो. पन ताई, जखम वाढवनारा म्हून एकदा नाव झालं, तर सांगलीत कोन घरात घील मला? गावाकडं, दहिवडीची गाडी धरायची, दुसरं काय."

"दर दोन तासांनी वळवता ना?"

"व्हय. चुकवत न्हाई."

"मग मी बसते. बघते."

ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. धुळा खोटं बोलत नव्हता. त्याने वेळ साधून तात्यांना पाठीवरून उजव्या कुशीवर घेतलं, गुडघ्यांत उशी दिली. दोन तासांनी पुन्हा पाठीवर. पुढची पाळी आली तशी पुन्हा उजव्या कुशीवर.

"थांबा. डाव्या कुशीवर कधी?"

"डावीवर ऱ्हात न्हाईत."

"डावी तर चांगली बाजू आहे त्यांची!"

"आवं, हे बगा की." धुळाने तात्यांना डावीकडे वळवलं. तात्यांनी दात आवळले, घशातून घुं घुं आवाज काढला, आणि अंगाखाली दबलेला डावा हात खेचून काढून कॉटचा गज असा धरला की धुळाला हात टेकावे लागले. पाठीवर येताच ते शांत झाले.

"एकच हात चालता हाय," धुळा म्हणाला. "त्योच अंगाखाली गेला की मानूस घाबरतंय. मला तरी असं वाटतंय."

ज्ञानदाला ते पटलं. चालता हात अडकतो, म्हणून विरोध. सगळा भार लुळ्या कुशीवर, म्हणून जखम तिथेच. कारण सापडलं असं समजून ती उठणार, तेवढ्यात शरयूवहिनी, अवधूतची बायको, कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. तात्यांचं अंग पुसायची वेळ झाली होती. घमेलं ठेवून त्यांनी आधी देव्हाऱ्याचा निळा पडदा ओढला.

"देवांसमोर माणसाला उघडं कसं करायचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाठ पुसायला धुळाने तात्यांना डाव्या कुशीवर घेतलं. तात्या गप्प. पाठ पुसली, कोरडी केली, पावडर चोळली. चांगली दहा मिनिटं गेली. डावा हात अंगाखालीच होता आणि तात्यांचे डोळे मिटलेले होते.

"धुळा, तसेच राहू द्या त्यांना," ज्ञानदा म्हणाली.

तिने उठून पडदा उघडला. कड्या वाजल्या तशी तात्यांनी मान उचलली आणि ते हाताने गज शोधायला लागले. तिने पडदा ओढला. हात सैल पडला. पुन्हा उघडला, पुन्हा घुं घुं. पुन्हा ओढला, शांत.

"वहिनी!" तिने हाक मारली. "डाव्या कुशीवर वळले की तात्यांची पाठ देवाकडे होते."

शरयूवहिनी ओले हात पदराला पुसत दारात उभ्या राहिल्या. "अगं बाई. देवळातून निघतानासुद्धा उलट्या पावलांनी बाहेर यायचे ते. मागच्या माणसाला धक्का लागायचा."

ज्ञानदा कॉटला वळसा घालून तात्यांच्या तोंडासमोर आली. "म्हणून का, तात्या?"

तात्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. ढ पोराने वर्ष संपता संपता एकदाचं बरोबर उत्तर द्यावं, तशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

उपाय सोपा असणार असं तिला वाटलं. तिने एका पाकिटाच्या पाठीवर खोलीचा आराखडा काढला. कॉट उलटी फिरवावी, तर वहिनी ताडकन म्हणाल्या, "दक्षिणेला पाय? जिवंत माणूस आहे हो घरात." शिवाय तसं करून उजव्या कुशीवर पाठ देवाकडे झाली असती; दुखणं फक्त बाजू बदलणार होतं. कॉट आडवी लावावी, तर न्हाणीघराचं दार अडत होतं. देव्हारा हलवायचं तिने नुसतं सुचवून पाहिलं. "आधीच घराचं एवढं झालंय," वहिनी म्हणाल्या, "त्यात देव हलवायचे नाहीत."

मग तिला सुचलं ते तिला फारच बिनचूक वाटलं. समोरच्या पश्चिमेच्या भिंतीलाही देव असला, म्हणजे डावीकडे वळल्यावर तात्यांचं तोंड देवाकडेच होईल. वहिनींनी माळ्यावरून दत्ताची जुनी तसबीर काढून दिली. ज्ञानदाने स्वतः खिडकीशेजारी खिळा ठोकला आणि तसबीर टांगून ती समाधानाने गेली.

आठवड्याने ती सहज डोकावली तेव्हा धुळा जिन्यातच भेटला.

"या शास्त्रज्ञ," तो म्हणाला. "आता दोन्हीकडं न्हाई. उतानंच."

"म्हणजे?"

"हिकडं वळवलं तर दत्ताकडं पाठ, तिकडं वळवलं तर बाकीच्या नऊजनांकडं. एका कुशीचं दुखनं हुतं, तुमी दोन्ही कुशींचं केलं."

ज्ञानदा आत गेली. खुबा तसाच होता, पण सतत पाठीवर राहिल्याने माकडहाडावर रुपयाएवढी लाल चकती उठली होती. तिने बोटाने दाबून पाहिलं. लाली हटत नव्हती; नव्या जखमेची सुरुवात. तिने तसबीर उतरवली आणि वहिनींच्या हातात दिली.

"चुकलं माझं. आता एकच उरतंय. डाव्या कुशीवर असतील तेवढा वेळ पडदा."

"दिवसातून इतक्या वेळा देव झाकायचे?" वहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सुतक आहे का आमच्याकडे? अंग पुसण्यापुरतं वेगळं."

रविवार होता, अवधूत दाराबाहेरच्या कोचावर पडून होता. वहिनी तसबीर पदराने पुसत उभ्या राहिल्या. पुसता पुसता त्या थांबल्या.

"देवळात दुपारी पडदा असतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा देव विश्रांती घेतात. त्याला झाकलं म्हणत नाहीत."

"दिवसातून पाच वेळा विश्रांती?" अवधूत हसला.

"तुम्ही सकाळपासून तीनदा झोपलात. तुम्हाला कोणी काही म्हटलं?"

अवधूतने वर्तमानपत्र तोंडावर ओढलं.

धुळा तेवढ्यात आत शिरलाच होता. त्याने पडदा ओढला, कॉटपाशी वाकला आणि तात्यांच्या कानाशी म्हणाला, "तात्या, देव निजलं. आवाज करू नगा, वळा आता." तात्या वळले. त्यांच्या तोंडाचा चालता कोपरा हलला. ते हसू होतं की चादरीची घडी टोचली, ते ज्ञानदाला ठरवता आलं नाही.

तसंच चालू झालं. पाठ, डावी, पाठ, थोडा वेळ उजवी, पुन्हा डावी. वळवायच्या आधी धुळा दर वेळी देव निजल्याची वर्दी द्यायचा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "निजले का रे?" एकदा अवधूतनेच पडदा ओढला आणि कोणी पाहिलं का म्हणून मागे वळून बघितलं. केंद्रात डॉक्टरांनी ज्ञानदाला विचारलं, त्या घरात नेमकं काय बदललं? तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे नियमात कसं लिहिणार? तिला लिहिता आलं नाही. अकरावा नियम होता तसाच राहिला.

तपासणीच्या सकाळी ती वेळेवर आली. धुळा दाढी करून, धुतलेला सदरा घालून उभा होता. त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. अवधूत आज ऑफिसला निघाला नव्हता. वहिनी देव्हाऱ्याजवळ होत्या. मागचे आकडे, साडेचार आणि चार, सगळ्यांना पाठ होते.

"तात्या, देव निजलं," धुळा हळू म्हणाला, आणि वहिनींनी पडदा ओढल्यावर त्याने त्यांना डाव्या कुशीवर घेतलं.

ज्ञानदाने आधी माकडहाड पाहिलं. लाली नव्हती. मग पट्टी स्पिरिटने पुसली, वाळू दिली, आणि खुब्यावर धरली. एकदा मोजलं. धुळाने भिंतीकडे तोंड केलं होतं. तिने पट्टी उचलून पुन्हा धरली, पुन्हा मोजलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

लांबी चार पूर्णांक तीन, रुंदी तीन पूर्णांक आठ सेंटिमीटर.