बिनबाह्यांचा स्वेटर

मी एक जुना स्वेटर आहे. रंग मेंढीच्या अंगचाच, करडा. समोर पितळी बटणं आहेत. बाह्या नाहीत, पूर्वी होत्या. आत्ता मी अंगणातल्या दगडी कठड्यावर उन्हात पडलो आहे आणि माझी मालकीण तुदा माझा एकेक टाका बोटांनी चाचपते आहे. तिला काळजी लागली आहे. मलाही लागली आहे. पण मित्रांनो, ती कसली, हे कळायला तुम्हाला आधीचं सगळं ऐकावं लागेल.

आमच्या अ‍ॅटलासच्या डोंगरात बायका मागावर विणतात आणि सुयांवर विणतात ते पुरुष. मेंढ्या चरत असतात तेव्हा हात रिकामे असतात ना. तुदाचे वडील बासू हे असेच मेंढपाळ. मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून त्यांनी सुया केल्या होत्या. त्यांवर ते पायमोजे विणत. दुसरं काही कधी विणलं नव्हतं.

तुदाचं लग्न वरच्या खोऱ्यात ठरलं. तिथे थंडी फार. तिने एकदा शाळेतल्या बाईंच्या अंगावर समोरून बटणं लावायचा स्वेटर पाहिला होता.

"बाबा, तसा मला कराल?"

"मी पाय तेवढे विणतो पोरी. त्याच्या वर माणूस कसा असतो, मला काय ठाऊक."

"मी बसते ना समोर. बघून विणा."

मग ती समोर बसून सूत कातायची आणि ते तिच्याकडे बघत विणायचे. टाका चुकला की तीच आधी सांगायची, कारण लहानपणी कुरणावर त्यांनी तिलाही विणायला शिकवलं होतं. त्यावरून बाकीचे मेंढपाळ अजून चिडवत.

"बासू, पोरीच्या हाती सुया दिल्यास. आता जावयाला मागावर बसवणार का?"

"बसवीन. आणि लोकर धुवायला तुला बोलावीन," ते मान वर न करता म्हणत.

बाह्या त्यांनी खांद्यापासून मनगटाकडे विणल्या. एक जरा लांब झाली. बटणं त्यांच्या वारलेल्या भावाच्या फौजी कोटाची होती. निघण्याच्या दिवशी त्यांनी मला तुदाच्या अंगावर चढवलं, लांब झालेली बाही मुडपली आणि "हात धुताना वर घेत जा," एवढंच म्हणाले.

सासरी माझं स्वागत काही झालं नाही. तुदाची सासू हद्दा कडक बाई. तिने मला बोटाने उचलून पाहिलं.

"समोरून उघडा कपडा. वाऱ्याला चहाला बोलावल्यासारखा. आणि ही बाही कुणाची? शेजारणीची?"

तुदाने ती लांब बाही पुन्हा मुडपली. तिचा नवरा यिदिर हसला आणि आईने डोळे वटारल्यावर गप्प झाला. तेव्हापासून मला सतत वाटायचं, आज नाही तर उद्या ही बाई मला कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरणार.

पुढचा हिवाळा आला तेव्हा तुदाला दिवस गेले होते. बाळ वसंतात व्हायचं होतं. पण बर्फ पडायला लागला आणि थांबेचना. खिंड बंद झाली, खालच्या गावाचा रस्ता दिसेनासा झाला, आणि नेमकं तेव्हाच तुदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. वेळेच्या फार आधी.

मी तेव्हा खुंटीवर होतो. मला ती आधी दिसलीच नाही, इतकी लहान होती. रडण्याचा आवाजही मांजराच्या पिलासारखा. हद्दाने तिला पुसलं आणि ती यिदिरला म्हणाली, "हिचे पाय बघ. बर्फासारखे आहेत."

"चूल वाढवू?"

"वाढव आणि धुरात गुदमरू दे. अरे, श्वास केवढासा आहे तिचा."

घरातल्या घोंगड्या जड आणि खरखरीत होत्या. त्या वजनाखाली ते बाळ दबून गेलं असतं. हद्दाने घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. तिने मला खुंटीवरून ओढलं. मला वाटलं, संपलं. पण तिने मला तुदाच्या अंगात चढवलं, बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि माझी बटणं खालून वर लावत आणली. बाळाचं नाक तेवढं बाहेर राहिलं.

मित्रांनो, तोवर मी फक्त थंडी अडवली होती. आता माझ्या आत कुणीतरी श्वास घेत होतं, आणि मधूनच घेत नव्हतं. तो थांबला की मीही ताठ व्हायचो. मग तुदा बाळाच्या पाठीवरून बोट फिरवायची आणि तो पुन्हा सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तुदाला ताप भरला. अंग थरथरायला लागलं, तिच्या कुशीत बाळ ठेवणं धोक्याचं झालं. तेव्हा हद्दाने मला स्वतःच्या अंगात घातलं. मी तिला घट्ट होत होतो. बाळाला छातीशी घेऊन तिने बटणं लावली आणि भिंतीला टेकून बसली. यिदिर चमच्याने तुदाचं दूध बाळाच्या ओठांवर थेंबथेंब सोडायचा. हद्दा चिडचिड करत होती, पण जागची हलत नव्हती.

"डोकं गार पडतंय हिचं," ती म्हणाली. "फडकं बांधलं तर घसरतं. टोपी पाहिजे, डोक्याला नीट बसणारी."

"लोकर कुठाय?" यिदिर म्हणाला. "सगळी बाजारात विकली. राहिली ती सतरंजीची, काट्यासारखी."

अंथरुणातून तुदा बोलली. आवाज खोल गेला होता. "स्वेटरच्या बाहीची काढा. मनगटाशी गाठ आहे, ती सोडा. सरळ उकलत येईल."

माझ्या अंगावर काटा आला असता, तर तो तेव्हाच. हद्दाने बाळाला न हलवता एक हात बाहीतून काढला आणि यिदिरने गाठ सोडली. टाका टाक्यातून निसटत गेला. दुखलं असं म्हणणार नाही. पण बासूंनी कुरणावर एकेक करून घातलेले ते टाके असे सरसर जाताना ऐकणं सोपं नव्हतं.

"आता विणणार कोण?" हद्दा म्हणाली. "माझा मुलगा मेंढीसुद्धा नीट धरत नाही."

"मी सांगते तसं करा," तुदा यिदिरला म्हणाली. "माझ्या पेटीत बाबांच्या जुन्या सुया आहेत. दोरा बोटावर घ्या. नाही, त्या बोटावर नाही."

"हे बोट?"

"तो अंगठा आहे."

त्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि ती हद्दा होती. यिदिरची पहिली टोपी अक्रोडाला झाली असती. उकलली. दुसरी नीट झाली. मग पायमोजे, मग छोटी बंडी. एक बाही संपली, दुसरीही संपली. तुदा ग्लानीत गेली की यिदिर सुया हातात धरून तसाच बसायचा, आणि ती डोळे उघडायची वाट बघायचा. ती उघडेल ना, ही भीती त्याच्या हातांतून दोऱ्यात उतरायची. त्या टोपीचे टाके म्हणूनच फार घट्ट होते.

बंडीला दोरा कमी पडला, तेव्हा त्याने माझ्या खांद्याला हात घातला.

"खबरदार," हद्दा म्हणाली. "आता ह्याच्या अंगाला हात लावायचा नाही. माझी नात राहते आत."

कोंबड्यांच्या खुराड्याची भीती माझ्या मनातून त्या क्षणी गेली.

बर्फ थांबला तसे पुरुष फावडी घेऊन खिंडीत गेले. एका खेचरावर तुदाला बसवलं, दुसऱ्यावर हद्दा, तिच्या अंगात मी, माझ्यात बाळ. वाटेभर हद्दा दर थोड्या वेळाने माझ्या गळ्याजवळ कान नेई. खालच्या दवाखान्यात नर्सने बटणं काढली, टोपी पाहिली, बाळाचे पाय हातात घेतले आणि म्हणाली, "गरम आहेत." हद्दाने लगेच बटणं पुन्हा खालून वर लावली.

मायलेकी दोघीही वाचल्या. मुलीचं नाव इज्जा ठेवलं.

त्यानंतर माझं कौतुक झालं, आणि मग सगळ्यांचं होतं तसं तेही ओसरलं. बाजारातून झगमगीत जाकिटं आली. मी पेटीच्या तळाशी गेलो. तिथे किडे कुरतडण्याचा बारीक आवाज ऐकत मी कित्येक महिने काढले. कुणी पेटी उघडेना. एका काखेत भोक पडलं तेव्हा कुठे तुदाला माझी आठवण झाली. तिने ते रफू केलं आणि मला पुन्हा खुंटीवर टांगलं.

ह्या वर्षी इज्जा शिकायला खालच्या गावातल्या वसतिगृहात गेली. निघताना तुदाने मला पुढे केलं.

"आई, नको. मुली हसतील. हा फाटका दिसतो."

"फाटका नाही ग."

"मग बाह्या कुठायत?"

तुदाने माझी घडी घातली. तिने मुलीला कधी काही सांगितलंच नव्हतं. लेकरावर उपकाराचं ओझं नको, असं तिचं म्हणणं.

इज्जाच्या छातीत थंडीत अजून घरघर होते. तिकडे कुणी लक्ष देतं की नाही, ह्या विचाराने तुदा जेवताना मध्येच थांबते. काल व्हॅनवाला सक्कू निरोप घेऊन आला. "तुमची पोर म्हणाली, खोकला आहे. थोडाच. आणि आईला सांग, तो स्वेटर पाठव."

"थोडाच म्हणजे किती?" तुदाने विचारलं.

म्हणून आज मी उन्हात आहे. उद्या सकाळी सक्कूच्या गाडीतून जाईन. मित्रांनो, मला भीती वाटते. तिथे कुणी मला उकळत्या पाण्यात टाकेल आणि मी आवळून बाहुलीएवढा होईन. खांद्याशी एक दोरा सुटा आहे; कुणी गमतीने ओढला तर मी उरणार नाही. आणि मुली खरंच हसल्या, तर इज्जा मला गादीखाली दडवेल, आणि तिला तर खोकला आहे.

तुमच्या घरी कुणी हाताने विणलेलं काही असेल, तर त्याला पेटीत कोंडू नका. वरचेवर ऊन दाखवा, कोमट पाण्यात धुवा, सुटा दोरा दिसला तर ओढू नका, आत घ्या. आणि ते असं का दिसतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा. ती आपणहून सांगत नाहीत.

तुदाने आत्ता सुई ओवली आहे. तो सुटा दोरा ती आत घेते आहे. हद्दा दारातून ओरडते आहे, "घट्ट ओढू नकोस ग, श्वास घेता आला पाहिजे पोरीला."