करंजाखालची जागा

कॅनालच्या काठावर आता खाली दुकानं, वर ऑफिसं, त्याच्या वर फ्लॅट आणि पाण्याला लागून फिरायची वाट होणार आहे. पत्रे ठोकले त्या दिवसापासून मी तिथल्या साइट ऑफिसात खेटे घालत होते. दुपारी माझी लेक सानवी झोपली की तिला सासऱ्यांजवळ सोडायचं आणि चप्पल पायात सरकवायची. मागणं एकच: वळणावरचं करंजाचं झाड, भोवतालच्या मातीसकट राहू द्या.

त्या झाडाखाली माझा पहिला मुलगा आहे. चार वर्षांपूर्वी, नऊ दिवसांचा असताना गेला. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात. आमच्या भागातली तान्ही याच काठच्या मोकळ्या जमिनीत ठेवायची. बाळंतिणीने जायचं नसतं. माझा नवरा सलील दवाखान्यात माझा हात धरून बसला होता, म्हणून बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, त्याला नेलं. सव्वा महिन्याने मी विचारलं, "बाबा, कुठे?" त्यांनी पुलावरून बोट दाखवलं. "तो करंज." तेव्हापासून दर महिन्याला मी तिथे वाटीभर दूध ओतत आले.

"वहिनी, परत?" इंजिनियर उन्मेष हसायचा. "आमचे साहेबसुद्धा साइटवर एवढे येत नाहीत."

"झाड ठेवतो म्हणा, मग नाही येणार."

"मग तर नाहीच म्हणत. चहाला सोबत कोण?"

का हवंय ते मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. बाकी जमिनीसाठी कुणीच आलं नव्हतं. खूण नसलेल्या जागेसाठी काय मागणार?

गुरुवारी त्याने टेबलावर नकाशा पसरला. "लो वहिनी, थई गयुं! झालं तुमचं काम. वाट तीन मीटर वळवली. झाडाला हात लागणार नाही."

मी जवळजवळ पळतच घरी आले. बाबा वाटाणे सोलत होते.

"बाबा, झाड राहिलं!"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मोहना, बस जरा."

मी बसले नाही.

"त्या दिवशी मीठ घातलं, माती लोटली. तान्ह्याची खूण करायची नसते. मागे वळून बघायचं नसतं. मी नाही बघितलं. पुलापर्यंत मान वर केली नाही. तू विचारलंस तेव्हा मला तिथलं काहीच आठवेना. त्या बाजूला झाड एकच होतं."

"मग कुठे आहे तो?"

"त्या जमिनीत. कुठेतरी."

"आणि मी चार वर्षं..."

"बघत होतो गं. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. पण तू तिथून यायचीस ना, त्या दिवशी नीट जेवायचीस."

त्यांच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि दाण्यांतून सालं वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानवीला कडेवर घेऊन मी बाबांबरोबर गेले. करंजाभोवती लाल पट्टी बांधली होती. त्याच्या पलीकडे जेसीबी चालू होता. बाबा काठाने चार पावलं चालले. "इथे असेल." मग थबकले. "नाही, पाण्याच्या जरा जवळ." मग पुन्हा मागे आले.

"काका, आघा रहो!" वॉचमन गुजरातीत ओरडला, आणि त्यांना दंडाला धरून बाजूला आणलं.

उन्मेष लांबून हात हलवत होता. काम थांबवा म्हटलं असतं तर त्याने तासभर थांबवलंही असतं. पण कुठे थांबवा म्हणून सांगणार?

डंपर भरला. मी ड्रायव्हरला विचारलं, "ही माती कुठे जाते?"

"पादरा रोड, बेन. भरावासाठी."

सानवीने डंपरला टाटा केला. तो फाटकाकडे निघाला तशी मीही चार पावलं मागे गेले. एकदा नावाने हाक मारावी, एवढंच मनात होतं. पण बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. नाव त्याच्या आत्याने मनात धरून ठेवलं होतं, कानात सांगण्यासाठी. नंतर तिला ते कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.