समेटाचा रविवार

चर्चच्या मंडळीत मरायचं काम बायांकडेच असतं, हे सुभद्राबाईंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. स्वतःला मरा, आपला मीपणा वधस्तंभावर द्या, असा उपदेश पाळकसाहेब सगळ्यांनाच करत. पण तो ऐकून घरी जाऊन मरायच्या त्या बायाच. पुरुषांना कुठली फुरसत, त्यांना पंचकमिटीची मीटिंग असायची. आणि सुभद्राबाई तरी काय वेगळ्या होत्या? स्त्री संगतीच्या, म्हणजे मंडळीतल्या बायांच्या गटाच्या, अध्यक्ष त्या. नवऱ्याने छळलं की बाई रडत त्यांच्याकडे यायची, आणि त्या तिच्या डोक्यावर हात ठेवून हाच धडा देऊन तिला परत पाठवायच्या.

आता तो धडा त्यांच्याच घरात येऊन बसला होता.

घर गोळीबार चौकाच्या मागे. सासरे कोष्टी, हातमागावर लुगडी विणणारे. माग जाऊन जमाना झाला. त्याचा खड्डा बुजवून वर फ्रिज उभा केलेला. त्या फ्रिजसमोरच सुभद्राबाईंच्या मुलाने, हेमराजने, बायकोचं मनगट पिरगाळून मोडलं. कामिनीचं चुकलं काय, तर वाढायला उशीर केला. सुभद्राबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. दवाखान्यात हेमराज म्हणाला, बाथरूममध्ये घसरली. डॉक्टरने सुभद्राबाईंकडे पाहिलं, आणि त्या जमिनीकडे बघत राहिल्या.

कामिनी प्लास्टर घेऊन माहेरी, खाप्याला निघून गेली. मंडळीत कुजबुज सुरू झाली, पण दोष सारा तिच्याच पदरात. हेमराज सगळ्यांचा लाडका ना! दर रविवारी भजनाला कीबोर्ड वाजवणारा, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवणारा. त्याने बुटीबोरीला कारखान्याजवळ खोली घेतली होती आणि बायकोला आता तिथे न्यायचं असं तो म्हणत होता. त्या खोलीत कामिनी त्याच्याबरोबर एकटी असणार, मधे पडायला कोणी नाही, हा विचार सुभद्राबाईंच्या डोक्यातून जाईना.

पंच शरच्चंद्रभाऊंनी पुढाकार घेतला. समेट करायचं ठरलं. या मंडळीची जुनी रीत आहे: महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस वाटण्याआधी, भांडलेल्यांना पुढे बोलावतात, आणि घरातलं मोठं माणूस एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतं. पाळक आशीर्वाद देतात, आणि त्यानंतर त्या भांडणाचं नाव कोणी काढायचं नाही. रीत चांगलीच आहे. भिंतीवरून भांडणारे शेजारी, वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ, कितीदा तिच्यामुळे पुन्हा बोलायला लागले. पण मोडलेलं हाड तिच्याखाली दडपायचं हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, कोण जाणे.

समेटाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पंचांच्या बोलावण्यावरून कामिनी सासरी आली तेव्हा शरच्चंद्रभाऊ खुर्चीत बसून चहा पीत होते.

"बेटा, स्वतःले मरायले शिक," ते म्हणाले. "ख्रिस्ती बाईची तेच शोभा आहे."

ते गेल्यावर कामिनी सासूसमोर येऊन बसली.

"आई, मी त्या खोलीत खरंच मेली तं तुम्ही काय सांगसान? पाय घसरला म्हणसान?"

सुभद्राबाईंना असा संताप आला की हातातला कप त्यांनी आपटलाच. संताप सुनेचा नव्हता, स्वतःचाच होता. आजवर काय काय मारलं आपण? भूक मारली, झोप मारली, हौस मारली. एक तेवढं जपलं, लोकांतलं नाव. सुभद्राबाईंचं घर म्हणजे कसं, बघून घ्यावं असं! त्या नावासाठी सुनेचं हाड गिळून टाकलं. मरायला हवा होता तो मीपणा हाच, आणि तो तर चांगला तेल लावून, भांग पाडून पहिल्या बाकावर बसत होता.

रविवारी मंडळी भरली होती. "घरातल्या किरकोळ कुरबुरीनंतर आपलं एक जोडपं आज पुन्हा एक होत आहे," पाळकसाहेब म्हणाले. हेमराज कीबोर्डवरून उठून पुढे आला. मान खाली, हात पुढे. सुभद्राबाईंनी कामिनीचा उजवा हात धरला. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं मिटत नव्हती. कामिनी सासूची बोटं धरायला गेली आणि तिला ती धरताच आली नाहीत.

"द्या हात, सुभद्राबाई," शरच्चंद्रभाऊ मागून म्हणाले.

"नाही देत."

त्या पाळकसाहेबांकडे वळल्या.

"किरकोळ नाही हे, पाळकसाहेब. ह्यानं हिचा हात मोडला. ते घसरली नव्हती. मी पाहिलं, अन् दवाखान्यात तोंड शिवून उभी राहिली."

"आई, काहून तमाशा करून राहिली?" हेमराज दबक्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू न."

"घरी बोलून काय झालं गा आजवर?"

पाळकसाहेब जवळ आले. "बाई, पोटचा मुलगा आहे. एवढ्या वर्षांचं तुमचं नाव मातीत जाईल."

"जाऊ द्या. तेच तं मारून राहिली मी. स्वतःले मरा म्हणून तुम्हीच सांगता न? मग मले मरू द्या. हिले कायले मारता?"

"असं असेल तर आज तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही."

लग्न होऊन या मंडळीत आल्यापासून सुभद्राबाईंनी ते कधी चुकवलं नव्हतं.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "ज्याचं जेवण आहे त्याले मी विचारून घेईन."

सुनेचा हात धरून त्या मधल्या वाटेने निघाल्या. कोणी उठलं नाही. दाराशी मनकर्णा बसली होती, त्यांनीच धडा देऊन नवऱ्याकडे परत पाठवलेली.

"आमच्या वेळी बरं दुसरंच शिकवलं होतं तुम्ही," ती म्हणाली.

"चुकीचं शिकवलं वं. उद्या तुह्या घरी येतो, माफी मागायले."

मनकर्णाने तोंड फिरवलं. सुभद्राबाईंनी ते सोसलं आणि ऑटोला हात केला.

पोलीस ठाण्यात हवालदारबाईने कामिनीचं म्हणणं ऐकून घेतलं, मग शेजारी बसलेल्या म्हातारीकडे वळली.

"तुम्ही मुलीच्या आई का?"

"नाही. मारणाऱ्याची आई."

हवालदारबाईचं पेन थांबलं. "मावशी, घरी जाऊन एकदा विचार करून या."

"विचार करूनच आली, बाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी काय पाहिलं ते सांगतो. लिहा."