सहावं बोट

लोंग मावशीच्या खानावळीत आठ चौकोनी टेबलं होती. एकेका टेबलाला चार बाकडी, एकेका बाकड्यावर दोन माणसं. ओळखीचं असो नसो, जागा दिसेल तिथे बूड टेकायचं आणि जेवायचं. धक्क्यावरून वर शहरात येणाऱ्या पायऱ्यांच्या साधारण मध्यावर तिचं दार होतं. ओझी घेऊन चढणारे हमाल तिथवर येईपर्यंत धापा टाकायला लागत, मग बांबू भिंतीला टेकवून आत शिरत. आमच्या सूतगिरणीची कॅन्टीन बंद पडल्यापासून मीही रोज दुपारी तिथेच जेवायची. दोन युआनच्या आत पोट भरायचं.

दाराशीच चुलाण्यावर मोठी कढई असे. तिच्यात टोफू आपल्याच पाण्यात मंद आचेवर खरवसासारखं थरथरत असायचं. मावशी एका वाडग्यात ते वाढे, दुसऱ्यात लाकडी पिंपात वाफवलेला भात, आणि छोट्या बशीत ठेचा. टोफूला स्वतःची चव नसते, जे काय असतं ते ठेच्यात. मावशी लाल मिरच्या उखळात कुटे, त्यात लसूण, मीठ आणि आमच्याकडच्या तिरफळांचं तेल घाली. एक घास खाल्ला की जीभ बधिर आणि कपाळावर घाम. तरी चोंगछिंगच्या भट्टीसारख्या उन्हाळ्यातसुद्धा लोक बशी पुसून खात.

मावशी विधवा होती, पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. मला ती 'गिरणीवाली' म्हणायची. माझं नाव तान बीरोंग. मी सांगते आहे तो १९९३ चा ऑगस्ट. मी बेचाळीस वर्षांची होते, लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहत होते.

त्या दिवशी माझ्यासमोर दोन पुरुष येऊन बसले. एक पंचविशीतला, दुसरा पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, केस बारीक कापलेले. तरुण त्याला 'तेंग भाऊ' म्हणत होता. दोघं मालवाहू बोटीवर कामाला असावेत, कारण बोलणं इंजिनाचं आणि पाण्याच्या पातळीचं चाललं होतं. मी लक्ष देत नव्हते. मग तरुण म्हणाला की खालचा जुना धक्का तोडून नवा बांधणार आहेत. तेंग म्हणाला, "तोडू देत. त्या धक्क्यावर फार रक्त सांडलंय."

तरुणाने विचारलं, कुणाचं. तेंग सांगायला लागला. सदुसष्ट सालची, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीतली गोष्ट. शहरात दोन गट, दोघेही चेअरमनच्याच नावाने शपथ घेणारे आणि एकमेकांवर गोळ्या झाडणारे. दारूगोळ्याचे कारखाने शहरातच, मग बंदुकांना काय तोटा? त्या ऑगस्टात ह्याच धक्क्यावर तेंगच्या गटाने पलीकडच्या गटाची चार पोरं पकडली आणि गोदामात नेली. हे सगळं तो भात कालवता कालवता, आवाज न चढवता सांगत होता. मी माझा वाडगा तोंडाला लावला होता.

"एकाला सहा बोटं होती," तो म्हणाला. "डाव्या हाताला. आमचा म्होरक्या त्याला म्हणाला, सगळ्यांना पाच आणि तुलाच सहा कशी? जनतेचं बोट चोरलंस का रे?"

तरुण हसला. "मग?"

"मग काय. जास्तीचं होतं, ते काढलं." त्याने मान वळवून हाक मारली, "मावशी, ठेचा आणा अजून."

माझ्या दादाच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. करंगळीच्या बाजूला एक छोटंसं, नखासकट. लहानपणी मी झोपताना तेच धरून झोपायची. तो एकोणीस वर्षांचा होता, तंत्रशाळेत शिकत होता, नाव तान बीचेंग. त्या ऑगस्टात एका सकाळी तो मित्रांबरोबर गेला तो चौथ्या दिवशी आला, दाराच्या फळीवर. जबडा एका बाजूला सरकलेला, मनगटांना तारेचे वळ, अंगावर लोखंडी सळयांचे असे घाव की कातडं कुठलं आणि सदरा कुठला कळत नव्हतं. मी सोळा वर्षांची होते. आईने मला पाण्याची बादली आणायला सांगितलं आणि आम्ही दोघींनी त्याला धुतलं. डावा हात धुताना आई थांबली. तिने बोटं मोजली. परत मोजली. मग फडकं पिळलं आणि पुढे धुऊ लागली. त्या दिवसापासून सव्वीस वर्षांत आमच्या घरात त्या बोटाचा शब्द निघाला नव्हता.

मावशीने ठेच्याची भरलेली बशी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली.

मी विचारलं, "कोणी काढलं?"

तेंगने माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"ते बोट. कोणी काढलं?"

त्याने वाडगा खाली ठेवला. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं. पण तो म्हणाला, "ताई, जुनी मढी कशाला उकरायची? जेवा तुम्ही."

मी बशी उचलली आणि त्याच्या डोळ्यांवर आपटली. फेकली नाही, आपटली. चिनीमाती फुटली, मी तळहाताने ती तशीच दाबली आणि चोळली. तुकडे माझ्या हातात घुसले, त्याच्याही घुसले. तो ओरडला तसा आवाज मी डुकराच्या कत्तलीतच ऐकला होता. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो मागे कोसळला. मी बाकडं उचललं. त्यावर माझ्या शेजारी बसलेला म्हातारा कसाबसा बाजूला झाला, त्याने आपला वाडगा मात्र सोडला नाही. मी ते बाकडं तेंगच्या तोंडावर घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचं मला हातात जाणवलं, सुकी फांदी मोडते तसं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? गेल्या सव्वीस वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्या तरुणाने मागून माझे केस धरले आणि माझं तोंड टेबलाच्या कडेवर हाणलं. समोरचे दोन दात गेले. तोंड रक्ताने भरलं. तो "वेडी आहे ही, धरा हिला" म्हणत होता. त्याचा अंगठा माझ्या ओठांजवळ आला. उरलेल्या दातांनी मी तो पकडला आणि हाडाला लागेपर्यंत चावले. तो मला लाथा घालत होता, बरगड्यांत, पोटात. मी सोडलं नाही. लोक टेबलं सोडून भिंतीला चिकटले होते. एक हमाल बांबू घेऊन पुढे आला, पण कुणाला मारायचं हे त्याला ठरवता येईना.

लोंग मावशी डाव घेऊन धावत आली. तिने आधी त्या तरुणाच्या पाठीत घातला, मग माझ्या डोक्यात. "सोड," ती म्हणत होती, "सोड, गिरणीवाले, मरेल तो." मी अंगठा सोडला. पण सोडून मी परत तेंगकडेच वळले. तो आंधळ्यासारखा चाचपडत दाराकडे रांगत होता. मी त्याची कॉलर मागून धरली, त्याने झटका दिला, आणि आम्ही दोघं चुलाण्यावर जाऊन आदळलो.

कढई कलंडली. आमच्यावर नाही पडली. मला ओढायला मावशी बाजूने आली होती, तिच्यावर पडली. गुडघ्याखाली दोन्ही पायांवर ते सगळं उकळतं पाणी आणि टोफू. ती खाली बसली आणि पांढऱ्या गोळ्यांमधून आपले पाय शोधायला लागली. टोफू कातडीला चिकटलं होतं. हाताने काढायला गेली तर कातडीही बरोबर आली. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

तेव्हा मी थांबले.

त्या हमालाने बांबूला बाकडं बांधलं, मावशीला त्यावर बसवलं आणि चौघांनी तिला पायऱ्यांवरून वर नेलं. पोलीस आले तोवर मी तिथेच जमिनीवर बसले होते. कोणीतरी चूल विझवली होती. तेंगला नेलं तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यातून बशीचा निळा तुकडा बाहेर दिसत होता.

तो डोळा गेला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. त्या तरुणाचा, दिंग त्याचं नाव, अंगठा वाचला पण वाकत नसे. मावशी तीन महिने रुग्णालयात होती.

खटला हिवाळ्यात उभा राहिला. न्यायाधीश माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, दादाचं, गोदामाचं, बोटाचं. त्या मध्येच म्हणाल्या की तो काळ ह्या न्यायालयापुढे नाही, फक्त खानावळीतली मारहाण आहे. पण मग त्यांनी तेंगकडे पाहिलं आणि, नियमाला धरून नसेल कदाचित, विचारलं, ही म्हणते ते तुम्ही बोलला होतात का?

तेंग उठला. डोळ्यावर पट्टी होती, तोंड वाकडं झालं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. नाही म्हणाला असता तर कोण काय करणार होतं? दिंग तर माझ्या बाजूने साक्ष देणार नव्हताच. तेंग म्हणाला, "हो. बोललो."

मी उभी राहिले. पोलिसाने माझा खांदा दाबला. तरी मी विचारलं, "कापलं कुणी?"

"म्होरक्याने. तो पुढच्या वर्षी गोळी लागून मेला. मी पाय धरले होते."

"तेव्हा तो जिवंत होता?"

न्यायाधीशांनी मला खाली बसायला सांगितलं. तेंगलाही बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्या एका डोळ्याने तो माझ्याकडे बघत होता.

"जिवंत होता," तो म्हणाला. "शुद्धीवर होता. त्यानंतर रात्रभर होता."

"तू हसलास?"

लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं होतं.

"सगळे हसलो," तो म्हणाला. "मी अठरा वर्षांचा होतो." मग त्याने मान हलवली, जणू ती शेवटची गोष्ट उगाच बोललो असं वाटून, आणि बसला.

मला चार वर्षांची शिक्षा झाली. त्यातली साडेतीन भोगली. तुरुंगात आम्ही हातमोजे शिवायचो. तेंगची आठवण मला तिथे फारशी आली नाही. झोपेत मला मावशी दिसायची, टोफूतून पाय शोधणारी.

सुटल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. खानावळ तिची सून चालवत होती. मावशी दाराशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती, पाय उशीवर ठेवलेले, मोजे घातलेले. मी गुडघे टेकले. ती म्हणाली, ऊठ, लोक बघतात.

मी माफी मागितली. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"तुझ्या भावाचं मला त्या पोलिसांनी सांगितलं," ती म्हणाली. "वाईट झालं. माझ्या नवऱ्यालाही त्याच साली मारलं, रस्त्यात, काठ्यांनी. कुणी मारलं ते मला ठाऊक आहे. तो माझ्या इथे जेवायचा."

मी वर पाहिलं.

"वाढायची मी त्याला," मावशी म्हणाली. "पाच वर्षं वाढलं. रोज वाटायचं, आज कढई ओतते ह्याच्यावर. नाही ओतली. आजूबाजूला माणसं जेवत असायची ना गं." मग ती म्हणाली, "मला मोजे काढायला लावू नकोस. आणि जेवायला इथे येऊ नकोस. सुनेला भीती वाटते तुझी."

मी परत गेले नाही. त्या पायऱ्याही टाळते. धक्क्यावर उतरायचं झालं तर लांबच्या रस्त्याने उतरते.

आईने साडेतीन वर्षांत मला भेटायला येऊन एकदाही काही विचारलं नव्हतं. मोजे, साबण आणायची, गुडघ्यांचं दुखणं सांगायची. मी घरी आले त्या हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. एका दुपारी ऊन खिडकीतून तिच्या रजईवर आलं होतं, मी तिला संत्रं सोलून देत होते. ती म्हणाली, "त्या माणसाने कोर्टात काय सांगितलं?"

मला कळलं ती काय विचारते आहे. मी फोडीवरची साल काढत राहिले.

"दादा आधीच गेला होता म्हणाला," मी सांगितलं. "डोक्यावर पहिलाच घाव बसला, तेव्हाच. ते बोट नंतरचं. त्याला काही कळलं नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. सत्त्याहत्तर वर्षांची होती, तिला मूर्ख बनवणं सोपं नव्हतं.

"शपथ?"

"शपथ."

तिने फोड तोंडात घेतली, हळूहळू चघळली, बी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "मग त्या माणसाचा डोळा घ्यायला नको होतास," ती म्हणाली.

तिने पुढच्या फोडीसाठी तोंड उघडलं.