उकळलेलं आहे, घ्या

मी कॉफीचा बंब बोलतोय. अमेरिकेत, विस्कॉन्सिनातल्या एका चर्चच्या तळघरात माझा जन्म गेला. कुणीतरी मेलेल्या बायकोच्या स्मरणार्थ मला इथे दिलं, पोटावर तिचं नाव कोरलं. तेव्हापासून मयत असो की बारसं, मी आपला उकळतोय.

या लोकांची एक रीत आहे. बोलणं नकोशा वळणावर आलं की कॉफी वाढायची. हातात कप पडला की तोंड बंद. मला वाटायचं, मी पाहुणचार करतो. कसला पाहुणचार! मी बूच होतो.

माझ्यात पाणी यायचं व्हर्नन ट्वाइटच्या बोअरचं. शहरातल्या नळाला औषधाचा वास येतो म्हणून म्हातारे नाक मुरडतात. आमचं पाणी आमच्या जमिनीचं, हा तोरा. व्हर्ननच्या शेकडो गाईंचं शेणही त्याच जमिनीत मुरत होतं, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

या वसंतात जिल्ह्याच्या आरोग्यखात्याचा साहेब इथल्या सभेत कळवायला आला. व्हर्ननच्या शेणखड्ड्याच्या उताराला ज्यांची घरं, त्यांच्या बोअरमध्ये शेणातलं नायट्रेट उतरलंय. तान्ह्या बाळाला ते पाणी दिलं तर बाळ निळं पडतं, जीवही जातो. एवढं सांगतानाही तो दहादा माफी मागत होता.

व्हर्नन उठला. "माझा बाप नव्वदीत गेला याच पाण्यावर. उकळून घ्या, झालं."

सगळ्या म्हाताऱ्या माना डोलल्या. शेजाऱ्याच्या शेणाला शेण म्हणणं इथे पापात मोडतं.

मागे किर्स्टन बसली होती, उताराखालच्या घरातली. मांडीवर तान्हं पोर. तिने विचारलं, खरंच उकळून चालेल? साहेबाने तोंड उघडलं, तोच व्हर्ननच्या बायकोने, मार्लिसने, त्याच्या हातात कप आणि केकची बशी कोंबली. "अगं, दे बिनधास्त. माझी चार पोरं वाढली की."

सभा संपली. पण साहेबाने कप ओठांना न लावता फुलदाणीमागे सरकवला, ते किर्स्टनने पाहिलं.

"तुम्ही का नाही घेतली?"

"बाई," तो पुटपुटला, "उकळून ते जात नाही. पाणी उडतं, ते उरतं."

किर्स्टन उठली. घरच्या पाण्यात कालवलेल्या दुधाची बाळाची बाटली तिने व्हर्ननच्या कॉफीत ओतली. "घ्या काका, दूध. उकळलेलं आहे."

व्हर्नन कप धरून बसला. कॉफी निवली. त्याने घोट घेतला नाही.

आता मी कपाटात आहे. तमाशा झाला म्हणे, आणि तो केला किर्स्टनने. मार्लिस नव्या बंबात दुकानातल्या कॅनचं पाणी ओतते. का, ते कुणी विचारत नाही. त्याच उताराच्या, ओढ्यापलीकडच्या घरांतलं सभेला कुणी आलं नव्हतं, आणि त्यांना कळवायला या देवभक्तांपैकी एकही गेलेला नाही. तिथल्या लोरेनला सातवा महिना आहे.

माझी तोटी आवळून बसलीय. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. तिच्या दारावर थाप मारा. आणि तिने कॉफी पुढे केलीच, तर कप बाजूला ठेवा आणि आधी बोला.